फट कुठाय, दाखव

शब्बीर, तुला माती देऊन आम्ही कबरस्तानाबाहेर पडलो तेव्हा फाटकाशी चपलांचा ढीग होता. मी वाकून माझी जोडी शोधत होतो आणि माझ्या मागं तो मांडववाला कुणाला तरी सांगत होता, "हात सोन्याचा होता राव त्याचा. फक्त त्या डब्यात गंडला. दोन बायका जाता जाता वाचल्या." माझी चप्पल मला केव्हाच दिसली होती. तरी मी वाकलेलाच राहिलो आणि ती माणसं रिक्षात बसून जाईपर्यंत लोकांच्या चपला इकडच्या तिकडे करत बसलो.

त्याला आज सतरा दिवस झाले. अन्न गोड लागत नाही. कंपनीत गेज हातात घेतला की आकडा दिसत नाही. तू गेलास याचं दुःख आहेच, पण खरं सांगू, दुःखापेक्षा भीती जास्त आहे. तू गेलास तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, सुटलास. आता ही गोष्ट कुणाला कळायची नाही. ते ऐकल्यापासून मला माझीच भीती वाटते.

आपली ओळखच भांडणातून झाली. आमच्या कँटीनमधला पाण्याचा कूलर दुरुस्त करायला तू आला होतास. काम झालं की इन्स्पेक्शनची सही लागायची आणि इन्स्पेक्शनला होतो मी. मी काठोकाठ भरलेला पेला कूलरवर ठेवला, पाणी थरथरलं, मी सही नाकारली. तू पायाखाली रबर घातलंस. पुन्हा थरथरलं. तिसऱ्या वेळी तू पेला उचललास, घटाघट पाणी प्यालास आणि रिकामा पेला जागेवर ठेवून म्हणालास, "आता बघा साहेब, हलतंय का काही?" कँटीनमधली पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो आणि सही केली. पण दुसऱ्या दिवशी तू कुणी न बोलावता आलास आणि मोटर खोलून ती थरथर काढून गेलास. तेव्हापासून मी तुझ्यासाठी इन्स्पेक्टर आणि तू माझ्यासाठी मिस्त्री.

माझ्या तपासण्याची तू टिंगल करायचास, पण ते कुठून आलं हेही तुलाच ठाऊक होतं. सुमन दोन दिवस सांगत होती, स्टोचा वॉशर गळतोय. मी संध्याकाळी स्टो खोलला, पुन्हा बसवला, पंप मारून पाहिला आणि म्हटलं, काही झालेलं नाही. सकाळी माझ्या पहिल्या पाळीचा चहा ठेवताना तो उडाला. पाठ, दोन्ही दंड, मान. तीन महिने ती दवाखान्यात पालथी झोपून होती. पोलिसांना, माझ्या आईला, तिच्या माहेरच्यांना तिनं एकच सांगितलं, स्टो आपोआप उडाला. मी तपासला होता हे तिनं कुणाला सांगितलं नाही. हल्ली 'स्टो उडाला' म्हटलं की ऐकणारा आधी नवऱ्याकडे बघतो आणि मग सासूकडे. तिच्या भावानं, पांडुरंगनं, माझ्याकडे तसंच पाहिलं होतं आणि ती नजर त्यानं कधी काढून घेतली नाही.

भाजलेल्या कातडीला घाम येत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण समजावलं तू. तू म्हणालास, "कंडेन्सरची जाळी चोंदली की मशीन तापतं ना, तसं वहिनींचं झालंय. आतली गरमी बाहेर जायला रस्ता नाही." चैत्र लागला की तिला चक्कर यायची, अंग फणफणायचं, ओल्या चादरीत गुंडाळून बसवावं लागायचं. आणि तिचं माहेर मराठवाड्यात, पत्र्याच्या छपराचं, जिथं वैशाखात पाखरंसुद्धा झाडाखालची हलत नाहीत. तीन वर्षं ती तिकडे गेली नव्हती. हिवाळ्यात न्यावं म्हटलं तर कधी कातडीचं ऑपरेशन, कधी माझी पाळी. मग त्या वर्षी होळीनंतर तिची आई अंथरुणाला खिळली आणि पांडुरंगचं पत्र आलं. 'आई पावसाळा बघेल असं दिसत नाही. बाईला पाठवत का नाही, दाजी? भाजलेलं आम्हाला दिसू नये म्हणून?'

ते पत्र मी तुझ्या पिंपरीच्या दुकानात, फ्रीजच्या उघड्या सांगाड्यांमध्ये बसून तुला वाचून दाखवलं. तू बराच वेळ हातातली तांब्याची नळी पुसत राहिलास. मग म्हणालास, "तिकडचा उन्हाळा काय आपण बदलू शकत नाय. पण इथनं खोली तर नेऊ शकतो?"

मला वाटलं तू चेष्टा करतोयस. आठ दिवसांनी आमच्या कंपनीच्या भंगारातला, दोन चाकांचा, माल वाहायचा पत्र्याचा बंद ट्रेलर चिंचवडगावात आमच्या घरामागच्या अंगणात उभा होता. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये सुटे भाग न्यायला ट्रॅक्टरला जोडायचे तो. आत तेलाचे डाग, एका कोपऱ्यात उंदरानं केलेलं घर. माझी आई पदर नाकाला लावून आत डोकावली. "आरं, म्हसरं न्ह्यायचा डबा त्यो. त्यात सुनंला बसवतोस व्हय? लोक काय म्हन्तील?" तू म्हणालास, "आई, हा डबा झाला की तुम्हीच म्हणाल, मला बी न्या." आई म्हणाली, "मला न्हाई यायचं त्यात. मी मेल्यावर बी न्हाई."

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी फक्त काळजी करत होतो. सुट्टीच्या दिवशी तू सकाळीच यायचास. मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचं प्लायवूड आणि थर्माकोल आपण आतून डांबरानं चिकटवलं. कुठल्याशा साहेबाच्या केबिनमधून उतरवलेला खिडकीचा एसी तू मिळवला होतास. त्याच्यासाठी पुढचा पत्रा कापताना मी चार वेळा माप घेतलं आणि तू म्हणालास, "इन्स्पेक्टर, पत्रा आहे, सून नाय पसंत करायची." अँगलची चौकट केलीस, तिला बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार दिलास, म्हणजे एसीचं पाणी आत गळू नये. रस्त्याच्या दणक्यानं तांब्याच्या नळ्या तडकतील ही तुझी एकमेव काळजी होती. म्हणून ट्रकच्या इंजिनाखालची जाड रबरं आणून त्यावर एसी बसवलास. माझ्या काळज्या सत्तावीस होत्या. मी वहीत लिहून काढल्या होत्या. तू वही हातात घेतलीस, वाचलीस आणि तिनंच वारा घेत बसलास.

तू बर्फाच्या कारखान्यात मामूच्या हाताखाली शिकलेला. तिथला एकच धर्म, फट ठेवायची नाही. मामू तुला उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यावरून फिरवायला लावायचा. धूर सरळ वर गेला तर सांधा पास, तिरपा झाला तर पुन्हा. तू आमच्या डब्याला तेच केलंस. आतून दार लावून, घामाघूम होऊन, कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्ती धरलीस. दोन दिवस सुमन म्हणत होती, अंगणात मशीद आहे का देऊळ तेच कळत नाही.

आणि तिथंच आपलं भांडण लागलं. मला तो डबा जसजसा बंद होत गेला तसतशी धडकी भरायला लागली. मी म्हणालो, हवेला एक भोक ठेव. तू म्हणालास, एसीलाच ताज्या हवेची झडप आहे, दोरी ओढली की उघडते, वहिनी दर थोड्या वेळानं ओढतील. मी म्हणालो, झडप अडकली तर? तू म्हणालास, दार आहे. दार अडकलं तर? तू पाना खाली ठेवलास. "भोक ठेवलं तर गारवा जाईल, इन्स्पेक्टर. आणि कुठनं काय आत येईल ते आपल्या हातात नाय राहणार. झडप कुठल्या बाजूला आहे ते मला माहितीय. तुझं भोक कुणाला माहिती?" मी म्हणालो, "गारवा जाईल म्हणून जीव जायचा." तू पाना उचलून पुन्हा कामाला लागलास. माझ्या मनात स्टो होता आणि ते तू ओळखलं होतंस. म्हणूनच तू चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. भांडण तिथंच मिटलं असतं.

आपण चाकणच्या माळावर डबा नेऊन पाहिला तो दिवस आठवतो? कडक ऊन होतं. मांडववाल्याचा रॉकेलवर चालणारा जनरेटर लांब ठेवलेला, तू डबा ओढायला आणलेल्या जीपच्या सावलीत थर्मामीटर घेऊन बसलेला. दोन तास सुमन आत होती. बाहेर आली ती दंडाभोवती पदर घट्ट ओढून. "थंडी वाजतेय," म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. तू तोंड वळवून जनरेटर बंद करायला गेलास आणि बराच वेळ परत आला नाहीस. मला रडू आलं हे मी तुला सांगितलं नाही. तू का गेलास हे मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तू जीपमध्ये डिझेल भरायला गेला होतास. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो असं म्हणतात. मी ताकाचं भांडंच फोडलं. गिरमिट घेतलं, डब्यात शिरलो आणि सुमनसाठी बसवलेल्या पलंगाखाली तळाच्या फळीला आरपार तीन भोकं पाडली. अंगठा जाईल एवढी. वर पायपुसणं टाकलं. भुसा हातानं गोळा करून खिशात घातला. तू परत आलास तेव्हा मी खिशावर हात ठेवून उभा होतो. तू म्हणालास, "काय इन्स्पेक्टर, सगळं ओके?" मी म्हणालो, "ओके." आयुष्यात तेवढं एकच काम मी न तपासता पास केलं.

माहेरी पोचल्यावर पहिले दोन दिवस दृष्ट लागावी असे गेले. पांडुरंगनं आणि मी सुमनच्या आईला खाटेसकट उचलून डब्यात ठेवलं. म्हातारी आत गेली आणि डोळे मिटून म्हणाली, "बाई, गाभाऱ्यात आल्यावानी वाटायलंय की." मायलेकी दुपारभर आत. काय बोलल्या असतील ते त्यांचं त्यांना माहीत. एकदा दार उघडलं तेव्हा म्हातारी सुमनच्या पाठीवरच्या व्रणांवरून हात फिरवत होती आणि सुमन लहान पोरीसारखी पडून होती. पांडुरंगनं ते पाहिलं. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्याशी शेतीपाण्याचं बोलला, आणि तुला म्हणाला, "मिस्त्री, तुमचे उपकार हैत बघा." एवढं सगळं तुझ्यामुळं झालं. हे तुला मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तू मात्र खूश नव्हतास. चाकणला आला होता तेवढा गारवा इथं येत नव्हता. थर्मामीटर दोन अंश वर होता. तू वैतागून म्हणायचास, "कुठंतरी गळतंय." उदबत्ती घेऊन भिंती फिरलास, छत फिरलास, दाराचं रबर बदललंस. पलंगावर बायका होत्या, त्यामुळं पलंगाखाली गेला नाहीस. मी तुझ्यामागं उदबत्तीचा पुडा धरून फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी तुला वाटलं, वायर लांब पडतेय म्हणून एसीला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही. अकराच्या सुमाराला तू आणि पांडुरंगनं जनरेटर लिंबाखालून उचलून डब्याच्या मागं आणला. एसीची झडप पुढच्या अंगाला, जनरेटर मागच्या अंगाला, वारा आडवा. तुझा हिशेब चोख होता. धुराची नळी डब्याच्या पोटाखाली तोंड करून होती, पण पोटाला तुझ्या माहितीप्रमाणे फट नव्हती.

मी ते पाहिलं. मी म्हणालो, "जनरेटर लांब ने."

"का?"

"धूर आत जाईल."

"अरे कुठनं जाईल?" तू वैतागलाच होतास. "दोन दिवस मी सांधा न् सांधा बघितलाय. फट कुठाय? दाखव."

पांडुरंग हातात तांब्या घेऊन बाजूलाच उभा होता. एका वाक्याचा प्रश्न होता, शब्बीर. इथं आहे, मी पाडली, एवढंच. पण मला त्याच्या चेहऱ्यावर तीच जुनी नजर दिसायला लागली. कालच कुठं ती निवळली होती. मी म्हणालो, "नाही, असंच आपलं." आणि तू वाकून जनरेटरची दोरी ओढलीस.

मी मनाशी ठरवलं, सगळे पांगले की खाली सरकायचं आणि भोकं बुजवायची. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात आतून हाक आली, दाजी, पाट मांडलाय. जावई तीन वर्षांनी आलेला. मी म्हटलं, जरा वेळानं. पांडुरंग म्हणाला, "जरा वेळ काय? आमरस काळा पडायलाय." उठून जावं तर कारण काय सांगायचं? मी पाटावर बसलो. वाटी भरली की पुन्हा भरली जायची. माझे कान जनरेटरच्या आवाजाकडे होते आणि मी रस भुरकत होतो.  या मे महिन्यात घरात आंबा आणला नाही.

तू ओरडलास ते ऐकून मी उष्ट्या हातानं धावलो. तू दार उघडून म्हातारीला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर येत होतास. तिला लिंबाखाली ठेवून पुन्हा आत शिरलास आणि सुमनला ओढून आणलंस. तिचे ओठ वेगळेच दिसत होते. ती ओकली, पुन्हा पडली, पुन्हा ओकली. तू टॉवेल ओला करून माझ्या अंगावर फेकलास आणि ओरडलास, "वारा घाल! बघतोस काय!" थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. म्हातारीही कण्हली. मग कुठं माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी पांडुरंगनं माझी कॉलर धरली.

"एकदा भाजली, आता धुरात कोंडली. हिला मारायलाच आणलंत का हो, दाजी?"

माझं तोंड उघडलं. काय बोलणार होतो मला अजून माहीत नाही. तू मध्ये आलास. त्याचा हात माझ्या कॉलरवरून सोडवलास आणि म्हणालास, "दाजींचा काय संबंध? डबा मी बांधलाय. माझा जॉइंट सुटला. माझ्या हातनं चूक झाली."

त्यानं तुला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. तुझ्या कामावर बोलला, जातीवर बोलला, आईवर बोलला. तू खाली मान घालून ऐकलंस. त्यानंतरचे चार दिवस त्या घरात तुझा पाट मांडला गेला नाही. तू लिंबाखाली बसून पाव आणि केळी खायचास. मी तुझ्याजवळ येऊन बसलो की म्हणायचास, "जा, आत जा. जावई आहेस." मी जायचो.

त्याच दुपारी, तू आडावर तोंड धुवत होतास तेव्हा मी डब्याखाली सरकलो आणि अंगाच्या साबणाचा ओला तुकडा चिंधीत मळून तिन्ही भोकं गच्च बुजवली. मग आईसाठी डॉक्टर आणायला गेलो. परत आलो तर तू जनरेटर पुन्हा लांब नेलेला आणि एसी चाकणसारखा गार चाललेला. "मागचा सांधा पुन्हा भरला," म्हणालास. "आता ठीक आहे." सुमनची भीती दुसऱ्या दिवशी गेली. आईला तिनंच पुन्हा आत नेलं. त्या मायलेकींना आणखी चार दिवस मिळाले.

श्रावणात म्हातारी गेली. डॉक्टर म्हणाले, तिचा आजार तिला नेणारच होता. पांडुरंग म्हणतो, मिस्त्रीच्या धुरानं नेली. अजून म्हणतो. आणि जनरेटर परत करताना तू मांडववाल्याला आपल्या तोंडानं सांगितलंस, माझ्या जॉइंटमधून धूर शिरला. पिंपरीभर ते झालं. कंपन्यांच्या केबिनची कामं तुझ्याकडे येत होती ती थांबली. लोक फ्रीज आणायचे, पण बंद खोलीचं काम म्हटलं की दुसरा मिस्त्री बघायचे. मी हे सगळं पाहत होतो. हात दाखवून अवलक्षण माझं आणि ते कपाळावर लिहिलं गेलं तुझ्या.

दोन वर्षं तू आमच्याकडे येत राहिलास. डब्यातला एसी काढून तूच सुमनच्या खोलीच्या खिडकीत बसवलास. आणि दर वेळी, चहाची बशी हातात घेतलीस की म्हणायचास, "वहिनी, त्या जॉइंटबद्दल माफ करा." ती म्हणायची, "किती वेळा माफी मागाल, भाईजी." तू हसायचास. माझी नजर बशीत. मला वाटायचं, हा माणूस स्वतःला किती खातोय आणि मी मूग गिळून बसलोय. पुढच्या वेळी सांगू, असं मी दर वेळी ठरवायचो. ईदला सांगू. दिवाळीत सांगू. मग ते तुझं छातीत दुखणं, आणि एका दुपारी तुझा भाऊ सायकलवरून आमच्या दारात.

परवा मी सुमनला सांगितलं. ती उंबऱ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. मी सांगत होतो आणि तिचा हात सुपात फिरतच राहिला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "कधीपासून?"

"तिथंच. पलंगाखालनं गरम झुळूक पायाला लागायची. पायपुसणं सरकवून बघितलं, तर भोकं."

"मग बोलली का नाहीस?"

"स्टोचं बोलले होते का?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "शब्बीरभाईंनाही माहीत होतं," ती म्हणाली.

तू उदबत्ती घेऊन डब्याखाली गेला होतास, शब्बीर. मी डॉक्टर आणायला गेलो होतो तेव्हा. बाहेर आलास तो हाताला साबण लागलेला. लिंबाखाली पडलेल्या सुमनजवळ उकिडवा बसलास आणि हळू आवाजात म्हणालास, "वहिनी, हे तुम्हाला माहितीय?" ती हो म्हणाली. तू म्हणालास, "मग तिसऱ्याला कळायला नको. तुमचा भाऊ ह्याला सोडणार नाय, आणि तुम्हाला परत पाठवणार नाय. मला काय, परका माणूस. चार शिव्या देतील."

मी तिला विचारलं, "मग दर वेळी माफी कशाला मागायचा?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तुम्ही बोलावं म्हणून. बोलून झालं की ते तुमच्याकडे बघायचे. मी बघायची ते बघताना. तुमची मान बशीत."

शब्बीर, मला तुझा राग आला आहे. खरंच आला आहे. दोन वर्षं तू दार उघडं धरून उभा राहिलास, एकदा तरी आत ढकलायचं होतंस. कॉलर धरायची होतीस. म्हणायचं होतंस, अरे भ्याडा, बोल. मी तुझा मित्र होतो का तुझं लेकरू होतो? राग येतो आणि दुसऱ्या क्षणी तू लिंबाखाली केळं सोलत बसलेला दिसतोस, आणि मग राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे. पहिल्या मिनिटाला बोट दाखवलं असतं.

काल मांडववाल्याकडे गेलो. तो खुर्च्या टेम्पोत चढवत होता, चार माणसं आजूबाजूला होती. त्यांच्यासमोर सांगितलं. तो म्हणाला, "आता काय उपयोग राव? माणूस गेला." मी म्हणालो, "कामाचा विषय निघाला की तू त्याचं नाव घेतोस. यापुढं माझं घे." तो माझ्याकडे बघत राहिला. मी नजर वळवली नाही. तिथून तुझ्या भावाकडे गेलो आणि त्यालाही सांगितलं. त्यानं चहा दिला.

पांडुरंगला आज सकाळी पत्र टाकलं. तीन अंतर्देशीय फाडली, चौथं टाकलं. सुमन म्हणाली, खाली माझंही नाव घाला, मलाही माहीत होतं. मी म्हटलं, तुझं माहेर तुटेल. ती म्हणाली, "तुटायचं असेल तर दोघांचं तुटू दे." आणि तिनं स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं. आता तो उत्तर पाठवेल, किंवा स्वतः येईल, किंवा कधीच बोलणार नाही. फाटक वाजलं की मी उठून खिडकीशी जातो. आई विचारते, काय झालं रं तुला, आणि मी म्हणतो, काही नाही. तिलाही सांगायचं आहे. एकेक करतो.

पत्रात फार काही लिहिलं नाही. धूर झडपेतून आला नाही, दारातून आला नाही. डब्याला भोकं मी पाडली. शब्बीरचा एकही सांधा गळत नव्हता.